ब्लूगिल त्याच पाण्यातला हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत कॅलिफोर्नियात मुलाकडे आलेल्या एका काकांचा मासेमारीवरचा लेख होता, मस्त लिहिलाय, चहा गार होईपर्यंत वाचत बसलो. मी मूळचा पेणच्या खारेपाटातला, आता बरीच वर्षं सॅक्रॅमेंटो आणि सॅन वाकीन नद्या जिथे मिळतात त्या डेल्टाच्या जवळ राहतो. इथे आलो तेव्हा पहिल्या दिवशीच घरचं वाटलं, कारण तसेच बांध, बांधाच्या आत समुद्रपातळीच्या खाली असलेली शेतं, आणि नदीला भरती-ओहोटी. असो, मुद्द्यावर येतो.

त्या लेखात म्हटलंय की स्ट्रायपर (म्हणजे पट्टेवाला बास) पकडायचा तर घराजवळच्या पार्कच्या तळ्यातून दहाबारा ब्लूगिल धरा, बादलीत घाला, नदीवर न्या आणि उरलेले परत येताना तळ्यात सोडून द्या. हे वाचून इकडे येणारे आपले लोक तसंच करणार आणि दंड भरणार, म्हणून हे पत्र.

आमिष अगदी बरोबर सांगितलंय, त्याबद्दल वाद नाही. ब्लूगिल म्हणजे चपटा, कल्ल्यापाशी काळा ठिपका असलेला मासा, लांबून आपल्या चिलापीचं पोर वाटावं असा, आणि आमिषाला तीन-चार इंचाचाच घ्यायचा. शॅड नावाचा मासा स्ट्रायपरला जास्त आवडतो पण तो नाजूक, हाताळला की लवकर मान टाकतो, ब्लूगिल मात्र चिवट, गळाला लावल्यावरही बराच वेळ पोहत राहतो. फक्त पाठीवरचे काटे सांभाळा, डोक्याकडून शेपटीकडे तळहात फिरवत काटे दाबून धरायचा, उलटा हात घातलात तर रक्त निघणारच. गळ नाकातून घाला नाहीतर पाठीच्या काट्यांच्या थोडं पुढे कातडीखालून, कण्याला लागू न देता. शिसं दोरीवर सरकतं ठेवायचं, पुढे दोन-तीन फूट जाड लीडर (म्हणजे गळाजवळचा मजबूत दोरीचा तुकडा), आणि पाणी फिरायला लागलं की बांधाच्या दगडांच्या कडेने सोडायचं.

आणि घाई करू नका! स्ट्रायपर बऱ्याचदा आधी धडक मारतो, मग मासा डोक्याकडून गिळतो, कारण शेपटीकडून गिळला तर ते काटे घशात उभे राहतील. पहिल्या झटक्याला रॉड उचललात की हातात नुसता खवलं गेलेला ब्लूगिल येतो, हे मी किती वेळा केलंय विचारू नका. म्हणून सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) वापरा, झटका द्यायचाच नाही, दोरी ताणली की नुसतं गुंडाळत जायचं, गळ ओठाच्या कोपऱ्यात बसतो आणि लहान मासा सोडायचा असेल तर तो जगतो. तिकडे अटलांटिक किनाऱ्यावर तर स्ट्रायपरला खरं आमिष लावायचं तर २०२१ पासून सर्कल हुकची सक्तीच आहे, कारण सोडून दिलेल्या शंभरातले नऊ तरी मरतात असं तिथले मत्स्यखात्याचे लोक धरून चालतात.

आता बादली. इथल्या नियमाप्रमाणे साध्या फिशिंग लायसनवर धरलेला मासा त्या पाण्यातून दुसरीकडे जिवंत नेता येत नाही. मीही पहिल्या वर्षी हेच केलं होतं, आठ ब्लूगिल बादलीत घेऊन ऐटीत बांधावर जाऊन बसलो. शेजारी एक म्हातारे फिलिपिनो आजोबा होते, त्यांनी बादलीत डोकावून विचारलं कुठले, मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, पिशवीतून एक छोटा रॉड काढला, बारीकशा गळाला गांडुळाचा तुकडा लावला आणि आमच्या पायाशी जे लव्हाळं होतं तिथून दहा मिनिटांत तीन ब्लूगिल काढून दाखवले. मग म्हणाले, आता सांग, ते कशाला आणलेस? ते आठ मी घरी रवा लावून तळले, चांगले लागले.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. ऑक्टोबर २०२४ मध्ये इथल्याच डेल्टातल्या स्टॉकटन बंदरात गोल्डन मसल नावाचं आशियातलं शिंपलं सापडलं, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. त्याची पिल्लं डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत, बादलीभर पाण्यातून आरामात प्रवास करतात आणि मोठी झाली की पाइप बुजवतात. म्हणजे नदीवरून आलेली बादली पार्कच्या तळ्यात ओतणं हे नेण्यापेक्षाही वाईट.

कोणी म्हणेल, अहो तो स्ट्रायपर तरी कुठे इथला आहे? खरंय, १८७९ साली न्यूजर्सीच्या नेव्हसिंक नदीतली १३२ पोरं आगगाडीने आणून इथल्या मार्टिनेझला सोडली, १८८२ मध्ये आणखी तीनशेक आणली, त्यांचा हा सगळा वंशविस्तार. ब्लूगिलही बाहेरूनच आणलेला. पण म्हणून प्रत्येक वेळी गंमतच होते असं नाही ना. १९६० साली शिकागोच्या महापौरांनी जपानच्या युवराज अकिहितोंना ब्लूगिल भेट दिले, ते पुढे बिवा सरोवरात पसरले, तिथले मासे खायला लागले आणि तोवर सम्राट झालेल्या अकिहितोंनी २००७ मध्ये त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. आपल्याकडे १९५२ साली आणलेली चिलापी आता धरणाधरणात आहे, ती काय कोणाला विचारून गेली?

तेव्हा पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापा: ब्लूगिल नदीवरच धरा, उरले तर तिथेच सोडा, बादली तिथेच रिकामी करून कोरडी करा, आणि नियम बदलत असतात म्हणून निघण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका बघा.

आणि हो, लेखात स्ट्रायपरला 'अमेरिकेचा रोहू' म्हटलंय ते तेवढं काढा. समुद्रातून नदीत येणारा, जिवंत आमिषावर झडप घालणारा मासा रोहू कसा होईल, आमच्या पेणमध्ये कोणालाही विचारा, जिताडाच म्हणतील.

– एक वाचक, कॅलिफोर्निया (मूळ ता. पेण, जि. रायगड)