इस्पितळातली पिवळी चिठ्ठी

मा. संपादक,

गेल्या श्रावणात छातीत गाठ हाताला लागली. इस्पितळात सुईने तपासणी झाली, रिपोर्ट शुक्रवारी मिळणार होता. बुधवारी संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर चपला शोधत होते, तेवढ्यात वाड्यावरची एक बाई कानाशी येऊन म्हणाली, "भियेनाका गो, आतां बरें जाता." म्हणजे घाबरू नको, आता हे बरं होतं. तिच्या नात्यातलं कोणी त्या इस्पितळात नोकरीला आहे.

शुक्रवारी गाठ साधी निघाली. पण तोवर वाड्याने मला कॅन्सर देऊन टाकला होता. चवथीनंतर मुलीला पाहायला येणार होते, त्यांनी फोनवर घुटमळत विचारलं, "आईची तब्येत कशी असते हल्ली?" ते काही आले नाहीत.

इस्पितळात विचारायला गेले. काउंटरवरचा मुलगा सज्जन होता. "बाई, तिन्ही पाळ्यांना एकच लॉगिन. कोणी उघडलं ते कसं सांगू?" लॉगिन आणि पासवर्डची पिवळी चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेली होती. चष्म्याशिवायही मला वाचता आली.

फायलींना कुलपं घाला असं मी म्हणत नाही. रात्री अपघाताचा रुग्ण आला तर डॉक्टरने परवानगीसाठी कोणाला उठवायचं? उघडू दे, पण उघडणाऱ्याचं नाव आणि वेळ मागे राहू दे. एस्टोनियात आपली माहिती कोणी पाहिली हे रुग्णाला घरबसल्या दिसतं. आपल्याकडे 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. अशा नोंदी वर्षभर जपायची अट त्यांत आहे, सुरक्षेत हयगय झाली तर दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. मात्र ही कलमं लागू व्हायला 18 महिन्यांची मुदत. माणशी एक पासवर्ड द्यायला 18 महिने?

माझं तर थोडक्यात निभावलं. पर्राच्या डॉमनिक डिसोझांना रक्तदानानंतर एचआयव्ही निघाला म्हणून 1989 साली याच गोव्यात 64 दिवस एकटं डांबलं होतं. एचआयव्हीबद्दलची गुप्तता राखणारा कायदा व्हायला 2017 उजाडलं. साखर, गाठ, गर्भपात, मनाचे आजार, सगळं आता त्याच एका पडद्यावर येतं.

सोमवार ते शुक्रवार माझी फाईल कोणी उघडली, एवढंच इस्पितळाला लेखी विचारलं आहे. उत्तर नाही. मागच्या आठवड्यात शेजारणीबरोबर तिथे गेले होते. पिवळी चिठ्ठी काढली आहे. आता गुलाबी आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, साखळी