दोन रंगांचा पडदा: यूजनेटवर मला उत्तर देणाऱ्या तुम्हाला

स. न. वि. वि.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण ते इथे लिहीत नाही. यूजनेटवरच्या एका तांत्रिक न्यूजग्रुपमध्ये, म्हणजे चर्चेच्या गटात, लेखाच्या तळाशी, सिग्नेचरच्या चार ओळींत तुम्ही ते लिहिलं होतं. तिथून उचलून ते चारचौघांत आणायचा हक्क मला नाही. तुम्ही पुरुष की स्त्री, तरुण की वयस्क, हे मला कधी कळलं नाही. तुम्हाला मराठी येत असण्याची शक्यताही कमीच. तरी हे पत्र मराठीतच लिहिते आहे. तेव्हा प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारला होता. आभार तरी मला नीट बोलता येतं त्या भाषेत मानू द्या.

गोष्ट १९९२ सालची. माझ्याकडे अमिगा ५०० हा घरगुती कॉम्प्युटर होता. ७ मेगाहर्ट्झच्या जरा पुढे चालणारा ६८००० प्रोसेसर, मूळची ५१२ किलोबाइट मेमरी आणि नंतर घातलेली तेवढीच, ८८० किलोबाइटच्या फ्लॉपी. हार्ड डिस्क नव्हती. फोनच्या तारेवरून सेकंदाला ९६०० बिट्स नेणाऱ्या मॉडेमने एका युनिक्स यंत्रावर लॉगिन करायचं, तिथे आरएन हा प्रोग्रॅम उघडायचा आणि न्यूजग्रुप वाचायचे, असा माझा रोजचा नेम होता. लांबलचक थ्रेड, म्हणजे एका प्रश्नावरच्या उत्तरांच्या माळा, एका फाइलमध्ये बांधून झेडमोडेम या फाइल पाठवायच्या पद्धतीने घरी उतरवायचे आणि फोन ठेवल्यावर सावकाश वाचायचे.

तुम्हाला हे सगळं पाठ असणार. पण हे पत्र इतरही वाचतील, आणि त्यांतल्या अनेकांनी यूजनेट पाहिलेलंच नाही, म्हणून थोडं सांगते. यूजनेट म्हणजे विषयवार न्यूजग्रुपमध्ये लेख टाकून दूरदूरच्या लोकांनी एकमेकांशी चर्चा करायची व्यवस्था. ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना १९७९ साली ही कल्पना सुचली, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोव्हिन यांनी शेल स्क्रिप्टमध्ये तिची पहिली आवृत्ती लिहिली, आणि १९८० साली ती लोकांसमोर आली. त्याला मालक नव्हता आणि मधोमध बसलेलं मोठं यंत्रही नव्हतं. एक यंत्र आपल्याकडचे नवे लेख शेजारच्या यंत्राला देई, ते पुढच्याला. सुरुवातीला हे रात्री फोन लावून चाले, पुढे बरंचसं इंटरनेटवरून होऊ लागलं. लेख कोणकोणत्या यंत्रांतून आला त्यांची नावं हेडरमधल्या, म्हणजे लेखाच्या डोक्यावरच्या माहितीतल्या, पाथच्या ओळीत उद्गारचिन्हांनी जोडलेली असत. ती ओळ वाचायला मला फार आवडे. कोणाचा तरी विचार इतक्या हातांतून माझ्या पडद्यापर्यंत पोचला, याचा तो माग होता. आणि लेख वेगवेगळ्या वाटांनी फिरत असल्यामुळे कधी कधी प्रश्न येण्याआधी त्याचं उत्तरच हाती पडे!

माझी अडचण अशी होती. वाचता वाचता शब्दांतून अक्षरं गळत. एखादी ओळ मधेच तुटे आणि पुढची तिला चिकटून येई. झेडमोडेम तर चुका मोजून दाखवी. तो प्रत्येक तुकडा तपासून बिघडलेला पुन्हा मागवतो, त्यामुळे फाइल शेवटी शाबूत येई खरी, पण चार मिनिटांच्या कामाला दहा मिनिटं लागत. मी केबल बदलली. मॉडेमच्या सेटिंग्ज उलटसुलट केल्या. फोनच्या तारेवर संशय घेतला. २४०० वर उतरलं की सगळं सुरळीत, ९६०० वर आलं की पुन्हा गळती.

शेवटी कॉम्प.सिस.अमिगा.डेटाकॉम या न्यूजग्रुपमध्ये विचारायचं ठरवलं. तोवर मी अनेक महिने नुसती वाचत होते. आरएनबरोबरचा पोस्ट करायचा प्रोग्रॅम लेख पाठवण्याआधी बजावी की हा मजकूर जगभरातल्या हजारो यंत्रांवर जाणार आहे, तो सगळीकडे पोचवायला शेकडो, कदाचित हजारो डॉलर पडतील, तुमची खात्री आहे ना? तो प्रश्न वाचून मी दोनदा लेख न पाठवताच बाहेर पडले होते. तिसऱ्या वेळी डोळे मिटून होकाराची कळ दाबली.

माझा लेख कसा होता, ते तुम्हाला आठवत नसेल. सब्जेक्टमध्ये फक्त ‘हेल्प’ आणि त्यापुढे तीन उद्गारचिन्हं. मॉडेमचा वेग लिहिला नव्हता, मेमरी किती ते नव्हतं, टर्मिनल प्रोग्रॅम, म्हणजे मॉडेमवरून येणारी अक्षरं पडद्यावर दाखवणारा, कोणता तेही नव्हतं. दुसऱ्या कोणाच्या तरी साठेक ओळी जशाच्या तशा उद्धृत करून खाली माझं रडगाणं. ओळी इतक्या लांब की ८० अक्षरांच्या पडद्यावर त्या वेड्यावाकड्या मोडत होत्या.

दोन दिवसांत तीन उत्तरं आली. एकाने मॅन्युअल वाच म्हणून सांगितलं, ते सभ्य शब्दांत नव्हतं. दुसऱ्याने दुसरा कॉम्प्युटर घ्यायला सुचवलं. तिसऱ्याने माझ्या ओळींच्या लांबीवरच एक परिच्छेद लिहिला होता. त्या रात्री मी ठरवलं की यापुढे वाचायचं, लिहायचं नाही.

दुसऱ्या दिवशी तुमची मेल आली, ग्रुपवर नव्हे, फक्त मला. तुम्ही लिहिलं होतं की प्रश्न चांगला आहे, पण तो नीट दिसत नाहीये, म्हणून दोन-चार गोष्टी कर. ओळ ७२ अक्षरांच्या आसपास तोड, कारण उत्तर देणारे प्रत्येक ओळीपुढे बाणाची खूण लावतात आणि ती दोन-तीनदा लागली तरी ओळ ८० च्या आत राहायला हवी. ज्या वाक्याला उत्तर देतेस तेवढंच ठेव, बाकीचं काढ. सब्जेक्टमध्ये यंत्र, वेग आणि लक्षण लिही, म्हणजे ज्याला ते माहीत आहे तो थांबेल. प्रत्येक सूचनेमागचं कारण तुम्ही दिलं होतं. नियम तर मला आधीच्या तिघांतल्या एकानेही सांगितला होता, कारण कोणी सांगितलं नव्हतं. आणि माझ्या इंग्रजीबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाही. त्यात चुका ढिगाने होत्या आणि तुम्हाला त्या दिसल्या नसतील असं होणं शक्य नाही.

मी प्रश्न पुन्हा लिहिला. या वेळी ग्रुपवर तुमचं उत्तर आलं, आणि ते आजही मला जवळजवळ पाठ आहे. तुम्ही सुरुवातीलाच विचारलं होतं: तुझ्या टर्मिनलच्या पडद्याला रंग किती?

माझ्या पडद्याला सोळा होते. रंगीत अक्षरं छान दिसत म्हणून मीच ते निवडले होते. रंगांचा आणि गळणाऱ्या अक्षरांचा संबंध काय, हे वाचताना मला कळेना. मग तुम्ही ते उलगडलंत. अमिगात पडदा रंगवणाऱ्या चिप्स आणि प्रोसेसर एकाच मेमरीतून वाचतात, आणि मेमरी एका क्षणी एकालाच देता येते. दोन रंगांना एक बिटप्लेन, म्हणजे पडद्याच्या दर ठिपक्यामागे एक बिट ठेवणारा मेमरीचा थर, लागतो, चारला दोन, आठला तीन, सोळाला चार. ६४० ठिपक्यांच्या रुंद पडद्यावर दोन बिटप्लेनपर्यंत प्रोसेसरचं काही अडत नाही, त्याच्या पाळ्या त्याला मिळतात. तिसरा आला की त्याच्या वाट्यातून घ्यायला सुरुवात होते. चौथ्याला तर पडद्यावरची ओळ रेखली जात असताना सगळ्याच पाळ्या जातात, आणि ओळ संपेपर्यंत प्रोसेसर खोळंबून राहतो. माझी नंतर घातलेली मेमरीही त्याच वाटेवर असल्यामुळे तिचा यात काही उपयोग नव्हता, हेही तुम्ही स्पष्ट लिहिलं होतं.

दुसरीकडे, ९६०० वर दर मिलिसेकंदाला साधारण एक अक्षर येतं. सिरीयल पोर्ट, म्हणजे मॉडेम जोडायची जागा, सांभाळणाऱ्या पॉला या चिपमध्ये आलेलं एकच अक्षर ठेवायला जागा असते. पुढचं पुरं होईपर्यंत प्रोसेसरने ते उचललं नाही, तर ते गेलंच. त्यात फ्लॉपी फिरत असेल, पडदा वर सरकत असेल, तर प्रोसेसरला उशीर व्हायचाच. २४०० वर अक्षरांमध्ये चौपट अंतर, म्हणून तिथे निभावत होतं.

म्हणजे मी अक्षरं रंगवायला गेले आणि ती वाचायलाच उरत नव्हती. तार चांगली होती, मॉडेम चांगला होता, केबलही. यंत्राच्या आत वेळेची वाटणी चुकत होती, आणि ती मीच चुकवली होती.

तुम्ही उपाय दोन ओळींत संपवलात: पडदा दोन रंगांचा कर, आणि फाइल आधी रॅम डिस्कवर, म्हणजे मेमरीतच केलेल्या तात्पुरत्या डिस्कवर, उतरवून मग फ्लॉपीवर घे. कारणाला तुम्ही चाळीस ओळी दिल्या होत्या. त्या चाळीस ओळींनी माझं काय केलं, ते सांगायलाच हे पत्र आहे. तोवर कॉम्प्युटर माझ्यासाठी एक खोका होता, चालला तर चालला. त्या उत्तरानंतर पहिल्यांदा मला आत काहीतरी घडताना दिसलं. एका मेमरीपुढे रांग आहे, कोणाचा नंबर कधी लागतो याचा हिशोब आहे, आणि तो हिशोब माणसाला समजू शकतो. मी हार्डवेअरची मॅन्युअलं वाचायला लागले. पुढची कित्येक वर्षं सिरीयल पोर्टला जोडलेल्या यंत्रांचे प्रोग्रॅम लिहिणं हेच माझं पोटापाण्याचं काम झालं. कुठेही डेटा हरवला की माझा पहिला प्रश्न आजही तुमचाच असतो: त्या वेळी मेमरी दुसरं कोण वापरतंय?

तुमचं उत्तर मी त्याच रात्री फ्लॉपीवर उतरवून ठेवलं. तेव्हा सर्व्हरवर जागा थोडी, लेख काही दिवसांत पुसले जात. ग्रुपमध्ये नुसतं ‘धन्यवाद’ पोस्ट करायचं नाही, ते खासगी मेलने कळवायचं, हा रिवाज तोवर मी शिकले होते. मेल लिहायची ठरवली. चाचण्या पुऱ्या करून आकड्यांसकट लिहू, असं म्हणत ती आठवडाभर लांबवली, मग महिनाभर, मग अधिकच. लिहिली तेव्हा ती परत आली. तुमचा त्या यंत्रावरचा अकाउंट बंद झाला होता. ही चूक माझी. याची बोच मला इतकी वर्षं आहे.

पुढे १९९३चा सप्टेंबर आला. त्याआधी दर सप्टेंबरला विद्यापीठांतून नवी मुलं यायची, काही आठवडे गोंधळ व्हायचा, मग ती रुळायची. त्या वर्षापासून नव्यांचा ओघ थांबलाच नाही. जुने लोक वैतागून निघून जात होते. मला त्यांचा राग समजत होता, पण मी थांबले. सब्जेक्टमध्ये नुसतं ‘हेल्प’ दिसलं की मी त्या माणसाला खासगी मेल करत असे: ७२ अक्षरं, बाणाच्या खुणा, यंत्र, वेग, लक्षण. तुमचीच मेल, नावापुरती बदललेली. त्यातल्या काहींनी पुढे माझ्यापेक्षा चांगली उत्तरं लिहिली.

गूगल ग्रुप्सने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे नवे लेख घेणं बंद केलं. जुने तिथे शोधता येतात. ती बातमी वाचून मी तुमचं उत्तर शोधलं, आणि ते सापडलं. त्याच ७२ अक्षरांच्या ओळी. शेवटचं वाक्य मात्र मी विसरले होते. करून बघ आणि काय झालं ते ग्रुपला कळव, कारण चार रंगांवर नेमकं काय होतं ते मीही मोजलेलं नाही, असं तुम्ही लिहिलं होतं. त्याखाली कोणाचंच उत्तर नाही.

तर फ्लॉपीबरोबरच्या वहीतून, तुम्ही मागितलेलं:

अमिगा ५००, एकूण १ मेगाबाइट मेमरी, ९६००, झेडमोडेम, सुमारे २०० किलोबाइटची फाइल. सोळा रंग: फ्लॉपी फिरली की दर वेळी चुका, फाइलला दहा मिनिटांवर. चार रंग: चुका जवळजवळ थांबल्या, फ्लॉपीवर थेट उतरवताना एखाद-दुसरी. दोन रंग, रॅम डिस्कवर: सलग सहा वेळा, एकही चूक नाही, चार मिनिटांच्या आत.

मनापासून आभार.

तुमची,
‘हेल्प’ या सब्जेक्टने लिहिणारी