अवैध पिचिंगला आवर पहिल्या फेरीपासूनच हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आंतरशालेय सॉफ्टबॉल स्पर्धांचे निकाल आपल्या क्रीडा पानावर येतात. परंतु हे निकाल बऱ्याचदा ज्या गोष्टीवर ठरतात, त्या पिचिंगच्या, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू टाकण्याच्या, नियमांच्या अंमलबजावणीविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

फास्टपिच (वेगाने चेंडू टाकण्याच्या) प्रकारात महिलांसाठी पिचिंग प्लेट, म्हणजे जिथून चेंडू टाकतात ती पट्टी, फलंदाजाशेजारच्या होम प्लेटपासून 43 फुटांवर असते. पिचरने (चेंडू टाकणारीने) हात खालून फिरवून चेंडू टाकायचा आणि ज्या पायाने प्लेटवरून रेटा द्यायचा, तो पाय जमिनीला घासत पुढे न्यायचा, ही मूळ पद्धत. तो पाय उचलून प्लेटच्या पुढे पुन्हा रोवला आणि तिथून दुसऱ्यांदा रेटा घेऊन चेंडू सोडला, तर तो 'क्रो हॉप' ठरतो व ते पिच (टाकलेला चेंडू) अवैध असते. चेंडू ओळखून बॅट फिरवायला मुळातच अर्धा सेकंदही मिळत नाही. त्यात पिचर दीड-दोन फूट पुढे सरकून वाढीव जोराने टाकू लागली, तर समोरच्या मुलीने करायचे तरी काय?

हे ओळखणे फार अवघड आहे असेही नाही. आपल्याकडच्या तांबड्या मातीच्या मैदानावर डाव संपल्यावर प्लेटसमोर जाऊन पाहावे. पाय घासत गेला असेल तर सलग चर दिसतो; पाय उचलून रोवला असेल तर मधली माती जशीच्या तशी राहते आणि पुढे चवड्याने उकरलेला वेगळा खळगा दिसतो. खुणेवरून आधीच्या पिचचा निर्णय फिरवता येत नाही, हे खरे, पण पुढच्या डावात नजर कुठे ठेवायची ते पंचांना नक्की कळते. (पावसाने प्लेटसमोर खड्डा पडला आणि तो वेळीच भरला नाही, तर नियमाने टाकणारीचाही पाय नाइलाजाने उचलला जातो, ती जबाबदारी आयोजकांची.)

खरी अडचण पंचांच्या संख्येची आहे. तालुका पातळीवर होम प्लेटमागे एकच पंच उभा केला, तर त्याने चेंडू पाहायचा, स्ट्राइक (फलंदाजाविरुद्ध मोजला जाणारा चेंडू) ठरवायचा की पिचरचा पाय पाहायचा? क्रिकेटमध्येही पुढच्या पायाचा नो-बॉल पाहण्याचे काम 2020 पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत तिसऱ्या पंचाकडे सोपवले जाऊ लागले. आपल्याकडे कॅमेरे नकोत, पण बेसजवळ दुसरा पंच तरी हवा. पिचरचा पाय त्यालाच बाजूने नीट दिसतो.

याहून मला खटकते ती निवडक अंमलबजावणी. अलीकडे एका स्पर्धेत पहिल्या फेऱ्यांमध्ये जी पद्धत सर्रास चालली, तीच अंतिम सामन्यात, तीही विरुद्ध संघाच्या प्रशिक्षकाने आरडाओरडा केल्यावर, अवैध ठरली. अवैध पिचची खूण म्हणून पंचांचा डावा हात आडवा झाला, फलंदाजाला एक 'बॉल' (तिच्या बाजूने मोजला जाणारा चेंडू) बहाल झाला आणि ती मुलगी गांगरून गेली. तिला तसे शिकवणारे बाकावर निवांत बसले होते. आधीच्या फेऱ्यांत तिच्यासमोर बाद झालेल्या संघांचे काय, हा प्रश्न कोणी विचारलाही नाही.

आता नियमच सैल झाले आहेत, असा युक्तिवाद काही प्रशिक्षक करतात. अमेरिकेतील महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये 2024 च्या हंगामापासून चेंडू टाकताना पिचरचे दोन्ही पाय हवेत जाणे वैध झाले, हे बरोबर. मात्र पाय पुन्हा रोवून रेटा घेणे तिथेही अवैधच आहे. अर्धाच नियम सांगून मुलींना चुकीची सवय लावू नये.

यंदाच्या स्पर्धांपूर्वी आयोजकांनी प्रशिक्षक आणि पंच यांची एकत्र बैठक घ्यावी, कोणती नियमावली लागू आहे ते लेखी कळवावे, आणि पहिल्या सामन्याच्या सराव पिचपासूनच पंचांनी पिचरला तिची चूक दाखवून द्यावी, एवढी विनंती आहे.

आपला,
एक क्रीडाप्रेमी पालक, फोंडा