विज्या, नान्याला पैसे पाठवायच्या आधी हे वाच

मुंबई, रविवार

प्रिय विज्या,

नान्याचा फोन तुला आला असेल, नसेल तर आज-उद्या येईल. तो तुझ्याकडे तीन लाख मागणार आहे आणि तू "घे रे" म्हणून मोकळा होणार, हे मला इथे बसून दिसतंय. म्हणून व्हॉट्सॅपवर दोन ओळी न टाकता सविस्तर लिहितोय. माझं तो ऐकत नाही. राजदूत मोटारसायकल विकत घेतानाच्या भांडणापासून त्याच्या लेखी मी म्हणजे नन्नाचा पाढा. तुझं मात्र ऐकतो, कारण तेव्हा ढकलायला तू होतास.

आमचं बरं चाललंय. शुगर आटोक्यात आहे, आक्काचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं.

तर मुद्दा. "जमतंय की गड्या" ती रील मस्कतलाही पोचली असेलच. कोबीचं पोतं एकटीने टेम्पोत चढवणाऱ्या आजी, मागून कोणीतरी विचारतं "आजी, जमतंय का?" आणि त्या वळूनही न बघता म्हणतात, "जमतंय की गड्या!" नान्याला गणपतीच्या आत या वाक्याचे टी-शर्ट, टोप्या, कॉफीचे मग काढायचे आहेत. कल्पना चांगली आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण पुण्यात पेज चालवणाऱ्या एकाने त्याला गाठलंय. "वाक्य माझ्या नावावर रजिस्टर आहे, पश्चिम महाराष्ट्राचे हक्क पाच लाखांत देतो," म्हणतो. कराराच्या मसुद्याचा फोटो नान्याने मला पाठवला, "फक्त स्पेलिंग बघ" म्हणून! मी स्पेलिंगही बघितलं आणि ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर तो अर्ज क्रमांकही टाकून बघितला.

नोंदणी झालेलीच नाही, विज्या. आहे तो नुसता अर्ज. स्टेटसला "ऑब्जेक्टेड" लिहिलंय, म्हणजे रजिस्ट्रीने आक्षेप घेतलाय. एका माणसाने ऑनलाइन अर्ज केला तर एका क्लासची, म्हणजे मालाच्या एका वर्गाची, सरकारी फी साडेचार हजार रुपये, कंपनीला नऊ हजार. म्हणजे साडेचार हजारांची पावती तो पाच लाखांना विकतोय. वेटिंग लिस्टचं तिकीट कन्फर्म सांगून विकावं, तसला प्रकार. शिवाय मसुद्यात वाक्यापुढे त्याने गोलातला आर छापलाय. तो नोंदणी झाल्यावरच वापरता येतो, आधी वापरणं कायद्याने चुकीचं आहे. अर्ज चालू असताना फार तर टीएम लिहावं.

आता त्या अर्जात काय आहे ते बघ, कारण नान्या तुला "सगळं ऑनलाइन दिसतंय" एवढंच सांगेल.

अर्जदार म्हणून पेजवाल्याचं नावच नाही. अर्ज त्याच्या मेहुण्याच्या नावावर आहे, आणि करारावर सही करणार पेजवाला. ज्याच्या नावावर काहीच नाही त्याने लिहून दिलं तर नान्याला मिळणार काय?

क्लास एकच, पंचवीस. त्यात कपडे, पादत्राणं आणि टोप्या येतात. कॉफीचे मग एकवीसमध्ये, स्टिकर आणि पोस्टर सोळामध्ये, कीचेन चौदामध्ये. करारात मात्र "सर्व प्रकारचे मर्चंडाइज" असं ठोकून दिलंय. ज्या क्लासात अर्जच नाही तो विकणार कसा?

वापराच्या रकान्यात "प्रपोज्ड टू बी यूज्ड" आहे, म्हणजे पुढे वापरणार. अर्जाची तारीख रील पसरल्यानंतरची. म्हणजे त्या माणसाने आजवर या वाक्याचा एक रुमालसुद्धा विकलेला नाही. उलट इचलकरंजीपासून दादरपर्यंत कितीतरी जणांनी टी-शर्ट छापून विकायला घेतलेत. ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ या लोकांसाठीच आहे. नोंदणी करणाऱ्याच्या वापराच्या आणि नोंदणीच्या तारखेच्याही आधीपासून जो सलग वापरतोय, त्याला नोंदणीवाला थांबवू शकत नाही. नान्याचा सगळा हिशेब "बाकीच्यांना बंद पाडू आणि आपणच विकू" यावर उभा आहे. ते होणार नाही.

सगळ्यात मोठी अडचण कलम ९ची आहे. ज्या शब्दांवरून माल अमक्याचा असं ओळखू येत नाही, किंवा जे शब्द रोजच्या बोलण्यात रुळलेले आहेत, त्यांची नोंदणी नाकारता येते. रजिस्ट्रीने अर्ज तपासून दिलेल्या परीक्षण अहवालात तोच आक्षेप घेतलाय. "जमतंय की गड्या" सांगली-कोल्हापुरात कोण म्हणत नाही? तुझे वडील सायकलचा पंक्चर काढताना म्हणायचे. अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरतात. साइटवर अहवाल दिसतो, उत्तर दिसत नाही. म्हणजे नान्या टोकन देईपर्यंत तो अर्ज जिवंत असेल की नाही, हीच शंका. आणि समजा उत्तर गेलं, सुनावणी झाली, अर्ज स्वीकारला गेला, तरी तो ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतो आणि चार महिने कोणीही विरोध करू शकतं. एकाने जरी विरोध केला तरी प्रकरण वर्षानुवर्षं चालतं. रीलचं आयुष्य किती, तूच सांग. यंदाच्या गणपतीला जे वाक्य छातीवर मिरवतील ते पुढच्या गणपतीला कोणाच्या लक्षातही नसेल.

तू म्हणशील, मग धोनीला कसं मिळतंय? नान्या हेच उदाहरण देतो, म्हणून सांगून ठेवतो. धोनीने "कॅप्टन कूल"साठी २०२३ मध्ये अर्ज केला, तोही क्लास ४१ मध्ये, क्रीडा प्रशिक्षण वगैरे सेवांसाठी. त्यालाही आधी आक्षेप आला, कारण तसंच नाव आधीपासून दुसऱ्याचं होतं. ते नाव लोक वर्षानुवर्षं धोनीलाच लावतात, असं मांडल्यावर अर्ज स्वीकारला गेला आणि जून २०२५ मध्ये जर्नलमध्ये आला. तिथे शब्दामागे माणूस उभा होता. "झकास"चंही तसंच. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, चेहरा, आवाज आणि त्यांच्या ढंगातलं "झकास" परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायला मनाई केली. शब्द सगळ्यांचाच, पण त्या ढंगाची ओळख एका माणसाची. आता आपल्या वाक्यामागचं माणूस कोण? पुण्याचा पेजवाला की कोबीचं पोतं उचलणाऱ्या आजी?

मला खरं लागलं ते हेच, विज्या. अख्ख्या मसुद्यात आजींचं नाव एकदाही नाही. अमेरिकेत २०२४ मध्ये जूल्स लेब्रॉन या टिकटॉकवरच्या बाईंचं "व्हेरी डिम्युअर, व्हेरी माइंडफुल" असंच गाजलं, आणि त्यांच्या आधी भलत्याच माणसाने ट्रेडमार्कचा अर्ज टाकला. त्यांच्याकडे निदान आवाज उठवायला लाखो लोक होते. या आजींना कोणी सांगितलं तरी असेल का की त्यांच्या तोंडचं वाक्य पाच लाखांना विकायला निघालंय?

आता "पश्चिम महाराष्ट्राचे हक्क". हे वाचून मी पेनच खाली ठेवला. कलम ४१ सरळ सांगतं की एकाच मालाचं एकच चिन्ह भारताच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या मालकांना वाटून देता येत नाही. सोलापूर याचं, नागपूर त्याचं, असं करायचं तर रजिस्ट्रारची मंजुरी लागते. कलम ४० त्याचंच भावंड: टी-शर्ट नान्याला आणि टोप्या दुसऱ्या कोणाला, अशी फोड करून लोकांचा गोंधळ उडणार असेल तर तेही चालत नाही. पेजवाला बहुधा विदर्भाचे हक्क वेगळे विकतोय, मराठवाड्याचे वेगळे. प्रत्येकाकडून पाच-पाच लाख.

तरीही नान्या हट्टालाच पेटला (पेटेलच!) तर निदान या गोष्टी त्याच्याकडून करून घे. सही मेहुण्याची हवी, म्हणजे अर्जदाराची. करारात अर्ज क्रमांक, क्लास आणि संपूर्ण भारत हे शब्द हवेत. गुडविलसकट, म्हणजे नावाच्या बाजारातल्या पतीसकट, हस्तांतर असं स्पष्ट हवं. गुडविलशिवाय घेतलं तर कलम ४२प्रमाणे सहा महिन्यांत रजिस्ट्रारकडे जाऊन जाहिरातीबद्दल निर्देश घ्यावे लागतात, आणि ते कोणी करत नाही. आधी कोणाला विकलं किंवा वापरायला दिलं नाही, दिलं असेल तर भरपाई देईन, हे लिहून हवं. मुद्रांक शुल्क भरलेलं हवं, नाहीतर कोर्टात तो कागद पुरावा म्हणून घेत नाहीत. नोंदणी झालेलं चिन्ह असेल तर टीएम-पी फॉर्म भरून मालक म्हणून आपलं नाव रजिस्टरवर चढवायचं, ऑनलाइन फी नऊ हजार. तो अर्ज दाखल होईपर्यंत, ज्याला या व्यवहाराची माहिती नाही अशा माणसाने मध्येच हक्क घेतला तर त्याच्यापुढे आपला कागद टिकत नाही. आणि पैसे टप्प्याने: सहीला दहा टक्के, बाकीचे नोंदणी प्रमाणपत्र हातात आल्यावर, अर्ज फेटाळला तर दहा टक्केही परत. ही शेवटची अट ऐकून पेजवाला फोन उचलायचा बंद होईल आणि प्रश्न आपोआप सुटेल.

मला विचारशील तर वाक्य विकत घ्यायचंच नाही. वाक्य ही छातीवरची छपाई असते, ती बघून गिऱ्हाईक हसतं आणि शर्ट उचलतं. शर्ट कोणाचा हे गळ्यापाशी शिवलेलं लेबल आणि टॅग सांगतं. ट्रेडमार्कचं काम तिथे आहे. नान्याने लेबलावरच्या नावाचा अर्ज स्वतःच्या नावाने टाकावा, क्लास पंचवीस, साडेचार हजार. वाक्यं बदलत राहतील, लेबल राहील. आणि नाव तयार आहे आपल्याकडे, आपल्या टीमचं: "वडाखालचे". कपड्यांशी त्या नावाचा काडीचा संबंध नाही, त्यामुळे कलम ९ची अडचण यायचं कारण नाही. त्यासारखं आधीचं काही आहे का तेही शोधून बघितलं, मराठीत आणि इंग्रजी अक्षरांत, उच्चारावरूनही. क्लास पंचवीसमध्ये अडवेल असं काही दिसलं नाही. फक्त टीमचं नाव तू सुचवलंस की नान्याने, हे भांडण आता कागदावर मिटवावं लागेल. माझी साक्ष काढलीत तर मी सांगणार, दोघांनीही नाही, बंड्याने सुचवलं होतं.

आणि आजींकडे जायचं. चेहरा छापायचा असेल तर त्यांची लेखी परवानगी लागतेच. चेहरा नसला तरी "या त्याच आजी" म्हणून विकायचं असेल तरी घ्यावी. करार मराठीत, त्यांना वाचून दाखवून, घरच्या कोणासमोर. प्रत्येक शर्टामागे विक्रीच्या किमतीच्या आठ-दहा टक्के, काही रक्कम आगाऊ, दर महिन्याला किती विकले त्याचा हिशेब. रीलमधली फ्रेम छापायची तर तिचा कॉपीराइट ज्याने शूट केलं त्याचा, त्याची परवानगी वेगळी. त्यात मुदत आणि प्रदेश लिहायला विसरायचं नाही, न लिहिल्यास कायदा पाच वर्षं आणि भारत असं धरतो. वाक्याच्या शब्दांवर मात्र कॉपीराइट नसतो, एवढ्या छोट्या वाक्याला तो मिळत नाही.

माल पहिल्यांदा शंभर-दोनशेच काढायचा, १८० जीएसएम जाडीच्या बायोवॉश (धुऊन मऊ केलेल्या) कापडाचा, डीटीएफवर, म्हणजे स्क्रीन न बनवता फिल्मवरून छापून. स्क्रीन बनवून दोन हजार नग छापले आणि रील थंडावली तर ते नग त्याच्या माळ्यावर पडतील, आणि माळ्यावर आधीच काय काय आहे ते तुला माहीत आहे. तुझे तीन लाख लावायचेच असतील तर या मालात आणि आजींच्या आगाऊ रकमेत लाव. निम्मेसुद्धा लागणार नाहीत.

मीराच्या कॉलेजचं नक्की झालं का? वहिनींची बदली टळली हे बरं झालं. तुझा गुडघा कसा आहे, लिंबाच्या तेलाने बरा होत नाही तो, डॉक्टरला दाखव.

नान्याशी बोलताना "दिल्या असं म्हणतो" असं म्हणू नकोस, सगळंच बिनसेल. तुझे स्वतःचे प्रश्न म्हणून तीनच विचार: अर्ज कोणाच्या नावावर आहे, स्टेटस काय आहे आणि आजींना किती मिळणार?

तुझा,
दिल्या

ता. क. गुरुवारी तो पुण्याला पन्नास हजार टोकन घेऊन जाणार आहे. बुधवारी रात्री जेवणानंतर फोन कर, दुकान बंद झाल्यावर तो मोकळा असतो.