आई-बाबा, उत्तम शुक्रवारी चौथ्या उद्गारावर मी बोलणार आहे

प्रिय आई आणि बाबा,

ख्रिस्तात सलाम.

फोनवर माझं ठरलेलं लग्न मोडल्याचा विषय काढला की आई रडते आणि बाबा फोन दादाच्या हातात देतात, म्हणून लिहूनच पाठवतेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढायला सांगितलंय, बाबा, मोबाईलवर वाचू नका, डोळ्याचं ऑपरेशन आत्ताच झालंय. आधी चहा घ्या मग वाचा.

तर यंदा उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीनच्या उपासनेत प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी चौथा उद्गार मला बोलायला दिलाय. पाळकसाहेबांनी विचारलं, मी हो म्हटलं, आणि कागदावर नावं छापूनही झालीत. आणि दुसरं म्हणजे अंगठी आणि साखरपुड्याची साडी मी मुलाकडच्यांच्या घरी पोचती केली. हॉलच्या पैशांचं काही बोलले नाही, बोलणारही नाही. बाबा, तुम्ही म्हणाल हक्काचे पैसे आहेत, आहेतच, पण ते मागायला दर आठवड्याला त्यांना फोन करायचा म्हणजे दर आठवड्याला तीच जखम उघडायची, तेवढ्या पैशात मला झोप मिळत असेल तर ती स्वस्तच पडली. तिसरं, पुण्याची बदली मी घेत नाहीये. दादाने तिकडे बोलून ठेवलं होतं, त्याला वाईट वाटेल, पण मी नागपुरातच राहणार, याच चर्चमध्ये, याच क्वायरमध्ये.

आई, आत्ता तुझा चेहरा कसा झाला असेल मला दिसतंय. "ते लोक समोर बसलेले असतील गं पोरी." हो, असतील. त्याचे आईवडील तर कायम पुढच्याच बाकावर असतात. पण मी त्यांच्याविषयी बोलणारच नाहीये, एक शब्द नाही, ना आडून ना सरळ. मी वधस्तंभावरच्या त्या एका वाक्यावर बोलणार आहे, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?"

तुम्हाला खरं सांगू, त्या रविवारनंतर जो येईल तो एकच सांगायचा, देवाची इच्छा होती, याहून चांगला मिळेल. मायेनेच म्हणत होते सगळे, पण ते ऐकलं की मला आणखीनच कोंडल्यासारखं व्हायचं, कारण त्यात रडायलाच जागा नाही. एका माणसाने तुम्हाला नीट पाहिलं, ओळखलं आणि मग नको म्हटलं, हे दुखणं असंच आहे की आरशात पाहिलं तरी वाटतं, काय कमी होतं माझ्यात. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तेच. आणि मग लक्षात आलं की आपल्या प्रभूने तरी कुठे म्हटलं, असू दे, सगळं भल्यासाठी आहे. त्याने मोठ्याने ओरडून विचारलं, का? शिष्य पळालेले, पेत्राने मी ओळखत नाही म्हणून तीनदा सांगितलेलं, आणि हे ओरडणंसुद्धा उभ्या असलेल्या लोकांनी धड ऐकलं नाही, "एली, एली" म्हटलं तर त्यांना वाटलं एलिया संदेष्ट्याला हाक मारतोय. इतकं दुःख आणि तेही लोकांनी चुकीचं ऐकलं! महिला मंडळात माझ्याबद्दल काय काय बोलतात ते आईच्या कानावर येतं ना, तेव्हा मला हे आठवतं आणि राग पुष्कळ उतरतो.

आणि बाबा, हे वाक्य मुळात 22व्या स्तोत्राचं पहिलं वचन आहे, ते तुम्हीच शिकवलं होतं. तुमचं मोठ्या अक्षरांचं बायबल इथेच राहिलंय, मी सकाळी त्यातूनच वाचते. त्या पानावर तुमची लाल पेन्सिल आहे, पण फक्त 22व्या वचनाखाली. पहिल्या 21 वचनांत सगळं आहे, लोक हसतात, डोकी हलवतात, हाडं निखळलीत, जीभ टाळूला चिकटलीये, आणि मग 22व्यात एकदम आवाज बदलतो, मी मंडळीत तुझी स्तुती करीन. मंडळीत! लांब कुठे जाऊन नाही, जिथे हसले तिथेच उभं राहून. तुम्ही ते कधी आणि का अधोरेखित केलं ते मला माहीत आहे, आजोबांच्या वेळचं ते सगळं. म्हणून बदली नाही घेतली, बाबा. मी हट्ट करून नाही राहिले.

आई, त्याच स्तोत्रात 9व्या वचनात आईचं पण आहे, आईच्या अंगावर पीत होतो तेव्हाच तू मला भरवसा ठेवायला शिकवलंस. मी ते वाचलं आणि पुस्तक मिटून नुसती बसून राहिले. मला ताप आला की तू रात्रभर थंड पट्ट्या ठेवत "येशू, माझ्या लेकराला बरं कर" इतकंच पुटपुटायचीस, दुसरी प्रार्थना नाही. मी भरवसा तिथेच शिकले गं. आजही रात्री फार झालं की मला तेवढंच म्हणता येतं.

आणि आठवतं, राजनांदगावला आत्याकडे जाताना गाडी सुटली की बाबा दरवेळी कवी ना. वा. टिळकांची गोष्ट काढायचे, याच रस्त्यावर रेल्वेत एका गोऱ्या माणसाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला. पुढे 1895 साली बाप्तिस्मा घेतला तर घरची माणसं तुटली, लक्ष्मीबाईसुद्धा किती वर्षं वेगळ्या राहिल्या. लहानपणी मला त्या गोष्टीत फक्त आगगाडी आवडायची. आता रविवारी त्यांचं भजन गाताना वाटतं, या माणसाला माहीत होतं.

बरं, माझी काळजी नको. जेवते वेळेवर, वजन भरलंय उलट. डॉक्टरीणबाईंकडे बोलायला पण जाते, त्यांनीच झोपेचं सांगितलं, प्रार्थनाही चालू आणि तेही चालू, यात देवावर अविश्वास वगैरे काही नाही हे आत्याला सांगून ठेवा. कूलरच्या ताट्या नवीन बसवून घेतल्या, टाकी धुतली, आईच्या कढीपत्त्याला रोज पाणी घालते, गच्चीवरचा सांबार (कोथिंबीर) मात्र उन्हाने गेला. शेजारच्या काकू डबा देऊन जातात, तिखट खूप टाकतात पण देतात प्रेमाने.

आता तुमचं ऐका. डोळ्यात ड्रॉप वेळेवर, दादाच्या मुलांना उचलायचं नाही, वाकायचं नाही. बीपीची गोळी सकाळचीच, आठवली तेव्हा नाही. आई, गुडघ्याचा पट्टा लावत जा, कपाटात ठेवायला नाही आणला तो. लोक काय म्हणतील म्हणून तुम्ही तिकडे राहून राहिलात हे मला कळतं, बाबा, ऑपरेशन तर झालंय आता. मी तुम्हाला शुक्रवारी पुढे बसा म्हणत नाही, मागे दाराजवळच्या बाकावर बसा, तीन तास जमणार नाहीत तर चौथा उद्गार झाला की उठून घरी जा, रिक्षा मी सांगून ठेवेन. नाहीच आलात तरी रुसणार नाही. पण ईस्टरला तरी घरी या.

डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं की दादाला गरीबरथाचं बुकिंग करायला सांगा, बाबांना खालचाच बर्थ, आणि पीएनआर मला लगेच पाठवा, मी स्टेशनवर घ्यायला येते.

तुमची लाडकी,
बेबी