माननीय मंत्रिमहोदय, वीज गेली की नवे फोन मुके होतात : एक खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी

विषय : पालिका व सरकारी इमारतींतील इंटरनेटवर चालणारी फोन यंत्रणा

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यातल्या एका पालिकेत इंटरनेटवर चालणारे फोन बसवले गेले. नवी यंत्रणा नीट चालल्याशिवाय जुन्या लाइन काढणार नाही, असा शब्द दिला होता. लाइन आधी निघाल्या. पहिल्या मोठ्या पावसात वीज गेली आणि अख्खी पालिका मुकी झाली. गटार तुंबले, घरात पाणी शिरले, रस्त्यावर माड आडवा पडला, हे ज्या क्रमांकावर सांगायचे तोच बंद. वीज परतल्यावरही निम्मे फोन उठले नाहीत. जे उठले त्यांतल्या काहींवर पलीकडच्याला आपले ऐकू जायचे, आपल्याला त्याचे नाही. पालिकेचे नाव आम्ही मुद्दाम घेत नाही. घेतले की कुणा मुख्याधिकाऱ्याच्या माथी खापर फुटेल, फाइल बंद होईल आणि पुढच्या इमारतीत हेच सगळे पुन्हा होईल.

आम्ही दूरसंचार आणि नेटवर्कच्या कामातली माणसे आहोत. या यंत्रणेला आमचा विरोध नाही. ती यायलाच हवी. पणजी महानगरपालिका आणि १३ नगरपालिका एका आतल्या नेटवर्कवर आल्या, तर काणकोणच्या पालिकेतून पर्वरीला चार आकडी क्रमांक फिरवून बोलता येईल. पण फोन किती घ्यायचे इथून सुरू झालेले नियोजन हे नियोजनच नव्हे. सुरुवात इमारतीपासून करायची असते, आणि इमारतीत सर्वांत आधी विजेपासून.

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांची ४८ व्होल्ट वीज त्याच तारेतून मिळायची. गावात काळोख असला तरी फोन वाजायचा. नव्या यंत्रणेत फोन, सगळ्या फोनांच्या तारा एकत्र येतात तो स्विच, बाहेरच्या नेटवर्कशी जोडणारा राउटर आणि बाहेरून आलेली फायबर जिथे संपते तो ओएनटी डबा, चौघांनाही इमारतीची वीज लागते. त्यातला एक बंद पडला तरी सगळे संपले. एका मजल्यावर २४ फोन धरा. फोनमागे ५ वॅट, म्हणजे १२० वॅट. स्विच, राउटर आणि ओएनटी मिळून आणखी ४०. एकूण १६०. संगणकाखाली ठेवतात त्या ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये साधारणपणे १२ व्होल्टची ७ अँपिअर-तासांची एक बॅटरी असते. कागदावर ८४ वॅट-तास, हाती लागतात पन्नासच्या आसपास. वीस मिनिटेसुद्धा निघत नाहीत. गोव्यात जून-जुलैमध्ये वीज वीस मिनिटांसाठी जाते का, महोदय? चार तास फोन चालू ठेवायचे तर ६४० वॅट-तास प्रत्यक्ष उपकरणांपर्यंत पोचले पाहिजेत. १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी नवी असताना जेमतेम पुरते. म्हणून दोन लावायच्या आणि दर सहा महिन्यांनी भार टाकून तपासायच्या. एवढा हिशेब करायला दहावीचे गणित पुरते. तो निविदेच्या कागदांत का नसतो?

स्विचचेही तसेच. फोनला नेटवर्कच्या केबलमधूनच वीज देणारा पीओई स्विच घेतला जातो आणि त्याला २४ भोके आहेत एवढेच पाहिले जाते. पीओईच्या ८०२.३एएफ मानकाप्रमाणे एका पोर्टला, म्हणजे एका भोकाला, १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते. चोवीसही पोर्ट पूर्ण द्यायचे तर सुमारे ३७० वॅटची क्षमता हवी. स्वस्तातला २४ पोर्टचा स्विच पुष्कळदा १९० वॅटच्या आसपासचा असतो. फोन आपला वीजवर्ग, म्हणजे आपल्याला किती वीज लागते ते, सांगत नसेल, तर काही स्विच त्याच्या नावे पूर्ण १५.४ वॅट राखून ठेवतात. मग बारा फोन लागतात आणि तेरावा उठत नाही. त्यात कुणी त्याच स्विचवर कॅमेरे आणि वाय-फायचे डबे चढवले, की वीज परत आल्यावर जो आधी जागा होईल त्याला वीज मिळते, उरलेले फोन तसेच काळे. निम्मे फोन उठत नाहीत तेव्हा आधी हे बघायचे. ठेकेदार मात्र फोन खराब निघाले म्हणून सांगतो, आणि ऐकणाऱ्याला ते खरे वाटते.

मे आणि ऑक्टोबरमधल्या विजांच्या कडकडाटाचा विचार न करता गोव्यात एकही तार टाकू नये. दोन इमारतींमध्ये तांब्याची नेटवर्क केबल नकोच, फायबर हवी. नाहीतर एका इमारतीवर पडलेली वीज दुसरीचे स्विच जाळते. अर्थिंग तपासायचे ते मे महिन्यात. सुकलेल्या जांभ्या जमिनीचा रोध पुष्कळ चढतो आणि तेव्हाच खरा आकडा कळतो. जुलैच्या भिजलेल्या मातीत घेतलेला सुंदर आकडा दाखवून बिले काढली जातात. तो आकडा आम्हाला नको.

आता तारांकडे. जुन्या फोनच्या दोन जोड्यांच्या वायरवर हे फोन चालवायला जाऊ नका. कॅट-६ केबल हवी, आणि स्विच ठेवलेल्या रॅकपासून भिंतीतल्या सॉकेटपर्यंत ९० मीटरच्या आत. लांबट बाजार संकुलात हे अंतर सहज ओलांडले जाते. तिथे दुसरा छोटा रॅक आणि मध्ये फायबर. पोर्तुगीज काळातल्या जाड जांभ्या भिंतींच्या कचेऱ्यांत वाय-फायवरचे फोन सुचवणाऱ्याने आधी त्या भिंतीच्या पलीकडे उभे राहून सिग्नल मोजून दाखवावा. फोनच्या मागे दोन सॉकेट असतात, एक भिंतीकडे जाणारे आणि दुसरे संगणकासाठी. टेबल हलवताना कुणीतरी दोन्ही वायरी भिंतीत खोचतो, नेटवर्कमध्ये लूप तयार होतो, म्हणजे माहिती गोल गोल फिरत राहते, आणि अख्खा मजला बंद पडतो. यावर स्विचमध्येच बंदोबस्त असतो, तो फक्त चालू करावा लागतो. स्वस्त फोनचे हे दुसरे सॉकेट १०० मेगाबिटचेच असते, त्यामागचा संगणक कितीही चांगला असो. आणि आवाजासाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच तारांवरचे वेगळे आभासी नेटवर्क, आवाजाच्या पॅकेटांना, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या तुकड्यांना, आधी जाऊ देण्याची ४६ क्रमांकाची डीएससीपी खूण, ती वाटेतल्या प्रत्येक स्विचने आणि राउटरने मानणे, हे सगळे लेखी हवे. एका टोकाला खूण लावली आणि मधल्या राउटरने पुसून टाकली, असे नेहमी होते.

“१०० एमबीपीएस लाइन आहे, मग आवाज का तुटतो?” असे बैठकीत विचारले जाते. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या जी.७११ कोडेकवर एका कॉलला एका दिशेने सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट लागतात. तीस कॉल म्हणजे २.६ मेगाबिट. अडचण रुंदीची नाही. कुणी मोठी फाइल चढवू लागला की आवाजाची पॅकेटे तिच्या मागे ताटकळतात. एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर, म्हणजे त्या उशिरातला चढउतार, ३० च्या आत, पॅकेटगळती १ टक्क्याखाली, ही मोजमापे सकाळी अकरा वाजता, कचेरी भरलेली असताना घ्यायची. आणि एकतर्फी आवाजाचे दुखणे बहुतेक वेळा राउटरमधल्या, फोनच्या पॅकेटांतले पत्ते परस्पर बदलणाऱ्या एसआयपी एएलजी नावाच्या सोयीत किंवा फायरवॉलने अडवलेल्या आवाजाच्या पोर्टांत, म्हणजे नेटवर्कमधल्या क्रमांकित वाटांत, असते. ती सोय बंद केली आणि पोर्ट नीट उघडले की बहुतेक तक्रारी मिटतात. लोकांनी त्यासाठी आठवडे काढावेत?

बाहेरच्या लाइन किती, याचाही हिशेब आहे. २०० फोन, गर्दीच्या तासात प्रत्येकावर बाहेरचे सहा मिनिटे बोलणे, म्हणजे एका वेळी सरासरी २० कॉल, आमच्या भाषेत २० अर्लांग भार. शंभरात एकापेक्षा जास्त कॉल अडू नयेत असे वाटत असेल तर ३० चॅनल, म्हणजे एकाच वेळी ३० कॉलची सोय, लागते. दहा चॅनल घेऊन ‘लाइन व्यस्त’ ऐकवणारी कचेरी पैसे वाचवत नाही, नागरिकाचा वेळ खाते. या लाइन दोन वाटांनी आल्या पाहिजेत, आणि दोन वाटा म्हणजे दोन कंपन्या नव्हेत. वीज खात्याच्या एकाच खांबावरून दोन्ही कंपन्यांच्या केबल लोंबत असतील तर एक फांदी दोघींना तोडते. पणजीत स्मार्ट सिटीच्या खोदकामाने रस्त्यांचे काय झाले ते आपण पाहिले आहे. जमिनीखालची केबल सुरक्षित असे मानून चालणारा माणूस त्या काळात पणजीत नव्हता. म्हणून एक फायबर, एक मोबाइल नेटवर्कवरचा गेटवे (नव्या यंत्रणेला बाहेरच्या लाइनशी जोडणारा डबा), आणि जिथे अजून आहेत तिथे निदान दोन तांब्याच्या लाइन थेट इमारतीच्या गेटवेत.

पुढचा मुद्दा जिवाचा आहे. कॉल जोडून देणारा मध्यवर्ती सर्व्हर पणजीत आणि बाहेरच्या सगळ्या लाइनही पणजीत, असे केले तर काणकोणच्या पालिकेतून कुणी १०१ फिरवले की कॉल पणजीतून बाहेर पडतो आणि पणजीकडच्या नियंत्रण कक्षात वाजतो. समोरच्याला दिसणारा क्रमांकही पणजीचाच. १०१, १०८ आणि ११२ हे क्रमांक प्रत्येक इमारतीच्या स्वतःच्या लाइनवरूनच बाहेर गेले पाहिजेत, आणि फोन एका इमारतीतून दुसरीत हलवला की त्याचा पत्ता बदलणे हे कुणाचे काम, तेही लिहून हवे. लिफ्टमधला फोन, आगीच्या गजराची लाइन, फॅक्स यांची वेगळी यादी करा. ती कुणीच करत नाही, आणि तांबे कापल्यावर लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला कळते.

जुने क्रमांक लोकांच्या डायऱ्यांत, घरपट्टीच्या पावत्यांवर, भिंतींवर आहेत. लँडलाइनला मोबाइलसारखी क्रमांक राखून कंपनी बदलण्याची सोय आपल्याकडे नाही. त्यामुळे आधी सध्याच्या कंपनीकडे, त्याच क्रमांकावर एसआयपी ट्रंक, म्हणजे इंटरनेट पद्धतीची बाहेरची लाइन, मिळते का, हे विचारायचे. नाहीच मिळाली तर जुन्या क्रमांकावर येणारे कॉल निदान वर्षभर नव्याकडे वळवायचे.

सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. १००१ विस्तार क्रमांकाला (एक्स्टेन्शनला) १००१ हाच पासवर्ड ठेवला की शनिवार-रविवारी परदेशातल्या महागड्या क्रमांकांवर कॉल सुटतात आणि सोमवारी कळते. आयएसडी सरसकट बंद, ज्याला हवे त्याला लेखी परवानगीने.

एवढे सगळे केले आणि फोन कुणी उचललाच नाही, तर? खरी जखम तिथे आहे. सत्तरी तालुक्यातला माणूस बस पकडून, अर्धा दिवस घालवून येतो आणि साहेब रजेवर आहेत हे त्याला दारात कळते. एका फोनने हे टळले असते. वर्षानुवर्षे गोमंतकीय हे सोसत आले आहेत, आणि यंत्रणा बदलली की सोसणे फक्त नव्या रूपात येते. आता फोन वाजत राहण्याऐवजी इंग्रजी मेनू वाजतो. मेनू कोकणी, मराठी आणि इंग्रजीत हवा, चारपेक्षा जास्त पर्याय नकोत, आणि वीस सेकंदांत कुणी उचलले नाही तर कॉल पुढच्या टेबलाकडे, तिथून पुढच्या. नव्या यंत्रणेत किती कॉल आले, किती उचलले, किती कंटाळून कापले गेले, हे आपोआप नोंदले जाते. तो अहवाल रोज मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर आणि दर महिन्याला लोकांसमोर का नको? अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका प्रसिद्ध करणे २००५च्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ने बंधनकारक आहे. किती कचेऱ्यांच्या संकेतस्थळांवर बदली झालेल्या अधिकाऱ्यांची नावे अजून आहेत, ते आपण स्वतः उघडून पाहा.

दोष यंत्राचा नाही, खरेदीच्या पद्धतीचा आहे. सर्वांत कमी बोली, फोनची मोजणी, पूर्णत्वाचा दाखला, बिल. चाललेल्या फोनचे पैसे कुणी देत नाही, बसवलेल्या फोनचे देतात. देखभालीचा करार वर्षभराने संपतो, प्रशासकीय पासवर्ड ठेकेदाराकडेच राहतो, आणि बदलून आलेल्या अधिकाऱ्याचे नाव फोनच्या पडद्यावर बदलायलाही त्यालाच शोधावे लागते. कॅमेरे, हजेरीची यंत्रे, माहिती दाखवणारे पडदे, सगळ्यांची हीच गत झालेली लोक पाहतात. लोकांच्या पैशाने घेतलेल्या वस्तूची किल्ली लोकांच्या कचेरीत नसावी, हे आम्हाला मान्य नाही.

तेव्हा आमची मागणी अशी. ज्या पालिकेत लाइन कापल्या तिथे निदान चार तांब्याच्या किंवा मोबाइल गेटवेच्या लाइन तातडीने द्या. पुढच्या कुठल्याही इमारतीची निविदा काढण्याआधी तिचे सर्वेक्षण, म्हणजे फोनांची यादी, केबलची अंतरे, विजेचा भार, अर्थिंगचा मे महिन्यातला आकडा, संकेतस्थळावर टाका. निविदेत पाच वर्षांची देखभाल आणि पासवर्ड पालिकेच्या ताब्यात, या दोन अटी घाला. जुनी आणि नवी यंत्रणा तीस दिवस शेजारी शेजारी चालवा. मग कामाच्या दिवशी विजेचा मुख्य स्विच पाडा, चार तास मोजा. फायबर उपटा, दुसरी वाट उघडते का बघा. आणि नियंत्रण कक्षांना आधी कळवून दोन्ही अवस्थांत १०१ आणि ११२ लावून कॉल कुठे वाजतो ते नोंदवा. त्या नोंदीवर अभियंत्याची सही होऊ दे, आणि त्या सहीनंतरच ठेकेदाराचे शेवटचे बिल निघू दे.

आपले,
दूरसंचार आणि नेटवर्कच्या कामातले काही गोमंतकीय