फुकुशिमातील अनाम हातांचे आभार

११ मार्च २०११ च्या भूकंप आणि त्सुनामीनंतर फुकुशिमा दाइची अणुवीजकेंद्रातील तीन अणुभट्ट्यांचे गाभे वितळले. तेव्हापासून ते केंद्र सावरून धरणाऱ्या, कुठेही नाव न छापलेल्या हजारो कामगारांचे मी मनःपूर्वक आभार मानतो.

चौथ्या अणुभट्टीच्या साठवण-तलावातील १,५३३ इंधनसंच ज्यांनी नोव्हेंबर २०१३ ते डिसेंबर २०१४ या काळात पाण्याखालीच उचलून सुरक्षित जागी हलवले, त्यांचा संयम मला सर्वांत मोठा वाटतो, कारण तिथे घाईला जागाच नव्हती. अंगभर पोशाख व मुखवटा घालून, ऐन उन्हाळ्यातही दूषित पाण्याच्या टाक्या उभारणाऱ्यांचे ऋणही तेवढेच आहे. समुद्राच्या पाण्याचे व मासळीचे नमुने नित्य तपासणारे तंत्रज्ञ आणि स्वतः उपकरणे जोडून गावोगावच्या किरणोत्साराच्या नोंदी सर्वांसाठी खुल्या करणारे स्वयंसेवक यांच्यामुळे, घरी परतावे की नाही हे ठरवताना तेथील कुटुंबांच्या हाती अफवा नव्हे, तर मोजलेले आकडे होते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दुसऱ्या अणुभट्टीतून वितळलेल्या इंधनाचा पहिला नमुना बाहेर आला. तो एक ग्रॅमहूनही कमी होता आणि तिन्ही अणुभट्ट्यांत मिळून असे सुमारे ८८० टन अवशेष असल्याचा अंदाज आहे. हे ठाऊक असूनही रोज पाळीवर जाणाऱ्या प्रत्येकाला माझा कृतज्ञ नमस्कार.